अनुभव सांगा: कस्टम्समध्ये काय अडलं, काय सुटलं?

फराळाचे डबे परदेशी निघायचे दिवस आले. सामानातून स्वतः नेलेल्या वस्तूंचंच लिहा, देशाचं नाव टाका. ऐकीव नको.

शारजाकर
सगळ्यात आधी खसखस! अनारशावरची ती निरुपद्रवी खसखस यूएईत अमली पदार्थांत मोजतात. सौदीत आणि सिंगापूरलाही मनाई. सासूबाई निघण्याआधी मी फोनवर एकेक डबा विचारला. "अनारसे नाही आणत हो," म्हणाल्या, पण घरच्या गोड्या मसाल्यात खसखस भाजून घातलेली! तो डबा ठाण्यालाच राहिला. पुढच्या खेपेला अनारसे तिळावर थापून आले. चव तितकीशी नाही, पण विमानतळावर छातीत धडधड नाही.
सासऱ्यांच्या कंबरेसाठी ट्रामाडॉल (कडक वेदनाशामक) होतं. त्याला यूएईच्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी आधीच ऑनलाइन काढली होती. चिठ्ठी आणि मूळ वेष्टण दाखवलं, लगेच सोडलं.

टोकियोची_वहिनी
जपानला डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं साधारण महिन्याभरापुरतीच. जास्त हवी तर 'युन्यू काकुनिन-शो' हे औषध-आयातीचं प्रमाणपत्र निघण्यापूर्वी घ्यायचं. आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी काढलं होतं. सर्दीच्या गोळ्या मात्र नीट वाचा: स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) दहा टक्क्यांहून जास्त असेल तर नुसत्या चिठ्ठीवर चालत नाही.

मेलबर्नवासी
ऑस्ट्रेलियात उतरताना भरायच्या कार्डावर 'खाद्यपदार्थ आहेत' यावर बिनधास्त खूण करा. अधिकारी बाईंनी पेढे काढून घेतले (दुधाचे ना!), चकल्या परत दिल्या, वर "कुरकुरीत आहेत का?" विचारलं. दंड शून्य. आमच्या रांगेतल्या एका काकांनी 'नाही' लिहिलं होतं आणि बॅगेत तूप निघालं. त्यांचा घाम बघवत नव्हता. तिथे जागेवर दंड होतो, प्रसंगी व्हिसाही रद्द होतो.

जर्सीतला_नाशिककर
अमेरिकेत ताजा कढीपत्ता नाही म्हणजे नाही. झाड संत्र्या-लिंबाच्या कुळातलं, त्यावरची कीड तिकडच्या बागांना रोग लावते. कारण पटतं, तरी आमटी रडते. हापूसही हातातून नेता येत नाही. २००७ पासून अमेरिकेत जाणारे आंबे आधी विकिरण करून (कीड मारायला किरणांचा मारा करून) जातात, आणि सुरुवात झाली ती आमच्या लासलगावच्या केंद्रातून! गावाकडचा आंबा मला मात्र दुकानातच विकत घ्यायचा.

स्विंडनचा_गोंयकार
चवरीस (गोव्याचं सॉसेज) यूकेत आणू नका. भारतातून मांस आणि दूध दोन्ही बंद. मडगावची माळ हिथ्रोवर कचऱ्यात गेलेली पाहिली आहे. माझी नव्हे, शेजाऱ्याची.

भटका_सह्याद्री
उलट दिशेचंही लिहा की! मित्र परदेशातून ट्रेकसाठी येणार होता, त्याच्याकडे सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र होतं. भारतात परवानगीशिवाय ते चालत नाही, म्हणून त्याला ते तिकडे घरीच ठेवायला लावलं. ई-सिगारेट तर २०१९ पासून बंदच.

ठाणेकर_आत्या
वहिनी, प्रमाणपत्राला किती दिवस लागले?

टोकियोची_वहिनी
आम्हाला आठवड्याच्या आत मिळालं. पण तिकीट काढलंत की लगेच अर्ज टाका, आणि मंजुरी छापून हातातल्या बॅगेत ठेवा.