दाढेची कीड: एक म्हणतात रूट कॅनाल, दुसरे म्हणतात सिमेंट. कोणाचं ऐकू?

खानापूरकर_11: एक्स-रेत दोन दाढांच्या मध्ये काळं दिसतंय. एक डॉक्टर म्हणतात रूट कॅनाल करून कॅप, दुसरे म्हणतात सिमेंट भरून भागेल. शुक्रवारी बोलावलंय. पटकन सांगा.

मलप्रभाकाठ: दुखतंय का? थंड लागतं का? एक्स-रे कोणता, तोंडात ठेवून काढलेला की डोक्याभोवती मशीन फिरलं?

खानापूरकर_11: मशीन फिरलं. दुखत नाही, थंड लागतं. पण यात फरक काय पडतो?

मलप्रभाकाठ: पडतो की ओ! फिरतो तो ओपीजी. जबडा सगळा दिसतो, पण शेजारच्या दाढा एकमेकींवर चढतात. मधली कीड बघायला बाईटविंग लागतो, तोंडात चावून धरायचा छोटा एक्स-रे.

निपाणीवाला: लवंगेचं तेल लावा. माझं आठ दिवसांत थांबलं.

दंतकथा: दुखणं थांबलं, कीड नाही. आणि ह्यांना दुखतच नाहीये! एक्स-रेत इनॅमल म्हणजे दाताचं वरचं कवच सगळ्यात पांढरं, त्याखालचं डेंटिन जरा करडं, आतली नस काळी. कीड काळी दिसते कारण तिथलं खनिज गेलेलं असतं, तेही 30-40 टक्के गेल्यावरच दिसतं. म्हणजे आत कीड फोटोपेक्षा मोठीच. थंड लागून लगेच थांबतं की ठणकत राहतं?

निपाणीवाला: कोल्हापूरला दाखवा. बेळगावीत लुटतात.

टिळकवाडी_बॉय: बेळगाव म्हणा. इथं डेंटल कॉलेज असताना कोल्हापूरला कशाला? 2014 ला सरकारनं नाव बदललं म्हणून आम्ही बदलायचं काय?

दंतकथा: सीमाप्रश्नाला वेगळा धागा काढा.

कुंदाप्रेमी: लहान मुलांच्या दुधाच्या दातांतली कीडही भरून घ्यावी. पडणारच आहेत म्हणून सोडू नये.

खानापूरकर_11: मला मुलं नाहीत. थंड लगेच थांबतं. त्या दाढेत बारा वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे, ते सांगायचं राहिलं.

दंतकथा: अहो, हे आत्ता सांगताय? चांदी एक्स-रेत पांढरीफेक येते, तिच्या आडची कीड दिसतच नाही. लगेच थांबतं म्हणजे नस वाचायची आशा आहे. पण चांदी काढून कीड खरवडल्याशिवाय दात किती उरलाय ते कुणालाच कळणार नाही. कॅप धरायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलीमीटर घट्ट दात लागतो. दोघांनाही तेच विचारा.

खानापूरकर_11: म्हणजे शुक्रवारी जाऊ की नको?