५० किमी अल्ट्राची तयारी: लाँग रन तोडून पळला तर चालतो का?

नमस्कार मंडळी,

अजून १६ आठवड्यांनी माझी पहिली ५० किमीची शर्यत आहे. ट्रेलवरची, म्हणजे कच्च्या पायवाटेवरची, चढउतार भरपूर, कटऑफ ९ तासांचा, म्हणजे तेवढ्यात संपवावीच लागते. आजवर तीन मॅरेथॉन झाल्यात, शेवटची ४ तास ५० मिनिटांत. ४२ च्या पुढे आठच तर किलोमीटर, असं नाव नोंदवताना वाटलं होतं. आता वेळापत्रक मांडायला बसले तर अंतराचं राहिलं बाजूला, तास कुठून आणायचे हाच प्रश्न.

घरात सहा वर्षांची लेक, दीड वर्षाचा मुलगा. नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलते. मला मिळते ती पहाट, पावणेपाच ते सहा. रात्री पळायचे कपडे घालूनच झोपते आणि पाण्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो जिन्यात जाऊन लावते, कारण तेवढ्या आवाजानेही धाकटा उठतो.

नेटवरचे प्लॅन सांगतात, शनिवारी चार-पाच तास आणि लगेच रविवारी दोन-तीन. दोन आठवडे इमानेइतबारे केलं. दुसऱ्या शनिवारी रात्री गोष्टीतला कोल्हा नदीपर्यंत पोचला आणि मी झोपले. पुढची गोष्ट लेकीनेच मला सांगितली म्हणे. नवरा काही बोलला नाही, पण रविवारी भांडी जरा जास्तच वाजत होती.

तर विचारायचं असं, की शनिवारी संध्याकाळी दोन तास आणि रविवारी पहाटे तीन असं केलं तर भागेल का? सलग मोठी धाव निदान किती वेळा हवीच? जवळपास टेकडी नाही, ऑफिसच्या इमारतीचे नऊ मजले आहेत. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

बिनधास्त तोडा. मधल्या आठ-नऊ तासांत पायांतला ग्लायकोजेन (स्नायूंतला साखरेचा साठा) पुरता भरून येत नाही, त्यामुळे रविवारी दमलेल्या पायांनीच सुरुवात होते. हवं असतं तेच. फक्त दोन्ही धावा गप्पा मारता येतील इतक्या सावकाश करा. बहुतेक जण तिथेच माती खातात.

पण सगळ्याच तोडू नका. पोट कुरकुरायला लागतं, मोजा कुठे घासतो हे कळतं ते चौथ्या तासाला. सलग साडेचार तासांच्या दोन धावा पुरेत, एक शर्यतीआधी आठ आठवडे, दुसरी चार आठवडे. नवऱ्याच्या पाळ्या बघून त्या तारखा आजच ठरवा. त्या धावांत खाण्याची तालीमही करा. पहिल्या अर्ध्या तासापासून सुरुवात, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. पाणी तहानेनुसार. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि ते प्रकरण डिहायड्रेशनइतकंच वाईट.

प्रतिसाद २

ताई, जिने उत्तम, पण खाली येताना लिफ्ट घेऊ नका. ट्रेलवर मांड्यांची वाट लागते ती उतारावर, कारण तिथे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात. पहिल्या दिवशी दोनदाच चढउतर करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसताना देव आठवेल. दोन-तीन आठवड्यांत पाय सरावतात.

आणि चढ चालतच जा. ५० किमीत भलेभले चालतात. धाकट्याला पाठीवरच्या झोळीत घालून तासभर भरभर चाललात तर तोही सराव धरा, घरातही जरा शांतता.

एक मात्र माझं ठाम मत. रात्री पाच तासही झोप झाली नसेल तर त्या पहाटेची धाव सोडून द्या. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट पळू नका. मी तशी भरपाई करत राहिलो आणि टाच धरून सहा आठवडे घरी बसलो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. दोन्ही तारखा फ्रिजवर लावल्या. त्यातल्या एकीवर नवऱ्याने लगेच काट मारली, त्या दिवशी लेकीच्या शाळेत कार्यक्रम आहे. धाव आठवडाभर अलीकडे घेतली तर चालेल ना? काल जिने चारदा केले. दोनदाच सांगितलं होतंत, माहितीये. आज बसताना टेबल धरावं लागतंय.