गोव्याहून पायी पंढरीला: रोजचा टप्पा कसा ठरवता?

गोव्यातून आषाढीला पायी निघणाऱ्या दिंड्यांची वाट आळंदी-देहूच्या वाटेसारखी ठरून गेलेली नाही. सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या या वाटेवर कोणता घाट धरायचा, रात्री कोठे उतरायचे आणि एका दिवसात किती चालायचे हे ज्या त्या दिंडीला स्वतःच ठरवावे लागते. म्हणून चालणाऱ्यांनाच विचारले की आपला दिवसाचा टप्पा नेमका कशावरून ठरतो. भक्तिभाव गृहीत आहे, आखणीबद्दल लिहा, एवढीच विनंती केली होती.

सत्तरी तालुक्यातील एक दिंडीचालक

आम्ही आखणी उलटी करतो. दशमीला पंढरपुरात असायचे हे पक्के, आणि तिथून एकेक मुक्काम मागे मोजत, जिथून निघतो त्या साखळी गावापर्यंत यायचे. आषाढी 2023 साली 29 जूनला, 2024 साली 17 जुलैला आणि 2025 साली 6 जुलैला होती, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखा पुढच्या वर्षी कामाला येत नाहीत. मुक्कामांची वही मात्र येते. दिवसाला सरासरी 25 किलोमीटर धरले तर चौदा दिवस होतात आणि एक दिवस हाताशी राखला की पंधरा. याचा अर्थ असा की ज्येष्ठ वद्य एकादशी प्रस्थानाच्या आसपासच येते. त्या दिवशी बहुतेकांचा उपवास असतो, म्हणून चोर्ला घाट एकादशीला चढावा लागणार नाही अशा बेताने आम्ही निघतो.

घाटाच्या पायथ्याची केरी सोडली की सात-आठशे मीटरची चढण आहे, तीही भर पावसात आणि धुक्यात. काकडा आटोपून उजाडायच्या आत निघतो, पताका पुढे आणि मागे दोघे विजेरीवाले, कारण वळणावर गाडीवाल्याला पांढरा सदरासुद्धा दिसत नाही. त्या दिवशी कणकुंबी गाठायचीच, कारण मधे दीडशे माणसांना पुरेल असे छप्पर नाही. मलप्रभेचा उगम तिथलाच आणि माउली देवीचे देऊळही तिथेच, तेव्हा अंग भिजलेले असले तरी मंडळी खुशीत असतात. दुसऱ्या दिवशी फक्त जांबोटीपर्यंत. घाटाच्या दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात, हे नव्या माणसाला आधी सांगून पटत नाही.

मे महिन्यात आम्ही दोघे स्कूटरवरून सगळी वाट पाहून येतो. वहीत प्रत्येक गावापुढे चार गोष्टी लिहितो: छप्पर किती माणसांचे, पाणी विहिरीचे की नळाचे, टेम्पो दारापर्यंत जातो का, आणि शाळा असेल तर खोली किती वाजता मोकळी होते. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जूनमध्ये शाळा भरलेल्या असतात; दुपारी तीनला पोहोचलेली दिंडी पाचपर्यंत पावसात उभी राहणार असेल तर त्या लवकर पोहोचण्याला काही अर्थ नाही.

पेडणे तालुक्यातील एक वारकरी भगिनी

आमची मंडळी बांदा, सावंतवाडी, दाणोली करून आंबोलीने चढते आणि आजरा-गडहिंग्लजवरून संकेश्वरला बाहेर पडते. आंबोलीला पाऊस तर आहेच, पण त्याहून त्रास शनिवार-रविवारच्या पर्यटकांचा होतो. धबधब्यापाशी दुतर्फा मोटारी लागलेल्या असतात आणि टाळकऱ्यांना दोन ओळींत चालायलाही जागा उरत नाही. त्यामुळे घाटाचा दिवस आठवड्याच्या मधला येईल असे आम्ही पाहतो, त्यासाठी सावंतवाडीत एक मुक्काम वाढवावा लागला तरी वाढवतो.

बायकांच्या दृष्टीने टप्पा किलोमीटरवर ठरत नाही. न्हाणीघर आणि शौचालय कोठे आहे, आणि पहाटे अंधारात तिथे जाता येते का, यावर ठरतो. आखणी करणारे बहुधा पुरुष असतात आणि देवळाचा सभामंडप मोठा आहे म्हणून गाव निवडतात. एका वर्षी आम्ही हट्ट धरला की मे महिन्याच्या पाहणीला एक बाई सोबत गेलीच पाहिजे. तेव्हापासून दोन मुक्काम बदलले, एक टप्पा 19 किलोमीटरचा झाला आणि पुढचा 28 चा, पण कोणी कुरकुर केली नाही. ओल्या पायांसाठी मी कोकमाचे तेल नेते. रात्री पाय कोरडे करून टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत चोळायचे. पायमोजे वाळत नाहीत, त्यामुळे जोड्या जास्त ठेवाव्यात.

मडगाव येथील एक गिर्यारोहक

डोंगर चढणारे लोक विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली मांडलेला हिशेब अजून वापरतात: सपाटीवर तासाला सुमारे पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास जादा. दिंडीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. भजन म्हणत, विसावे घेत चालणारा समूह तासाला साडेतीन-चार किलोमीटरच जातो, आणि समूहाचा वेग सर्वांत मागच्या माणसाचा असतो. चढाईचा जादा तास मात्र धरावाच.

फोंडा येथील एक टाळकरी

मी गोव्याच्या दिंडीबरोबर नाही, रेल्वेने पुण्याला जाऊन माउलींच्या पालखीत चालतो. एकादशीला घाट नको, हे वर म्हटलेले मला पूर्ण पटत नाही. पालखी सोहळ्यात पुणे ते सासवड ही सर्वांत लांब, तीस किलोमीटरच्या वरची चाल दिवे घाटासह बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीलाच येते. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात आणि माणसे मात्र साबुदाणा-केळ्यांवर चढतात. हे जमते, कारण पुढे सासवडला दोन रात्रींचा मुक्काम असतो. तेव्हा प्रश्न उपवासाचा कमी आणि दुसऱ्या दिवशीच्या विश्रांतीचा जास्त आहे. अर्थात तिथे रस्ताभर फराळ वाटणारे उभे असतात. चोर्ल्यात कोण उभे राहणार, हेही खरे.

बार्देशातील एक गृहस्थ

सेंट फ्रान्सिस झेवियरच्या 3 डिसेंबरच्या फेस्ताला जुने गोव्याकडे पायी जाणारे ख्रिस्ती भाविक आमच्या दारावरून जातात आणि आम्ही त्यांना पाणी देतो. पाऊस नसतो, ऊन असते, म्हणून ते पहाटे आणि संध्याकाळी चालतात, दुपारी सावलीत पडून राहतात. मिरजेपुढे पाऊस मागे राहून ऊन लागले की आपल्या मंडळींनी ही पद्धत उचलावी असे मला वाटते.

डिचोली येथील एक टेम्पोचालक, दिंडीच्या स्वयंपाकाचे सामान नेणारे

टप्पा आचाऱ्याच्या हातात असतो. सकाळचा चहा झाल्यावर भांडी घासून, शेगड्या चढवून मी निघतो आणि दुपारच्या जेवणाच्या जागी दिंडीच्या किमान तीन तास आधी पोहोचावे लागते. पुणे-बंगळूर महामार्गावर बेळगाव ते संकेश्वर मला वेळ लागत नाही, पण चालणाऱ्यांना तोच तुकडा नकोसा होतो. म्हणून तिथे सेवारस्ता मिळेल तिथे धरतात आणि दुपारचा विसावा लांबवतात. त्यापुढे चिकोडी भागात लक्ष ठेवावे लागते. पाऊस जोराचा असला की कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांवरचे सखल पूल पाण्याखाली जातात. आदल्या रात्री मुक्कामाच्या गावात विचारून मी उंच पुलाची वाट पक्की करतो. वळसा पडला तर हाताशी राखलेला दिवस तिथेच खर्च होतो.

मिरज सोडून कवठेमहांकाळ, नागज, जुनोनी या बाजूला लागलो की पाऊस मागे राहतो. गोव्याच्या माणसाला वाटते, आता सोपे झाले. प्रत्यक्षात इथेच जास्त जण टेम्पोत बसायला येतात, कारण माळरानावर झाड नाही आणि रेनकोटाची सवय झालेल्यांनी टोपी आणलेली नसते. पाण्याचे पिंप मी या भागात दुप्पट भरतो. सांगोला ते पंढरपूर 32 किलोमीटर आहे. काही मंडळी उत्साहात ते एका दमात काढतात. आम्ही मधे एक मुक्काम करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत गावात शिरतो, कारण त्यानंतर टेम्पो आत सोडत नाहीत आणि शेगड्या डोक्यावरून न्याव्या लागतात.