जास्वंदीवरचा सरडा: फ्लोरिडात आपल्याकडचा कसा?

परसबाग: आम्ही गेल्या वर्षी फ्लोरिडातील पोर्ट सेंट लुसी येथे राहायला आलो. चार दिवसांपासून परसातल्या जास्वंदीवर सकाळी उन्हाला एक सरडा येऊन बसतो. शेपटीसकट तो फूटभर लांब असावा. अंग पिवळसर तपकिरी आहे, पण मान वर-खाली करू लागला की डोके आणि गळा लालभडक होतो. शेजारी म्हणतात की हा आफ्रिकेतला अगामा आहे. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने मात्र खिडकीतून पाहताच, "अगं, हा तर आपल्या कुंपणावरचा सरडा," असे ठामपणे सांगितले. माझी पाच वर्षांची मुलगी तिथेच खेळते, म्हणून विचारते: हा नेमका कोणता, आणि तो विषारी आहे का?

रानवाट: शेजाऱ्यांचा अंदाज निराधार नाही. पश्चिम आफ्रिकेतला लाल डोक्याचा अगामा फ्लोरिडात १९७६ पासून आढळतो आणि आता तिथल्या भिंतींवर, वाहनतळांवर सर्रास दिसतो. मात्र त्याच्या नराचे अंग गडद निळसर असते आणि शेपटीवर नारिंगी पट्टा असतो. केवळ लाल रंगावरून ओळख पटवू नका. तो बसतो कुठे, अंग चपटे आहे की दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे, आणि पाठीवर काटे आहेत का, एवढे पाहून सांगा.

परसबाग: आज दहा-बारा फुटांवरून नीट पाहिले. तो फांदीला चारही पायांनी कवटाळून बसला होता, भिंतीकडे फिरकलाही नाही. मानेपासून पाठीवर करवतीच्या दात्यांसारखी काट्यांची रांग आहे, अंग बाजूंनी दाबलेले आहे आणि शेपटी अंगाच्या दुपटीहून लांब आहे.

शेवंती: मग तुमच्या आईंचेच खरे आहे. हा आपल्याकडचा बागेतला सरडाच, शास्त्रीय नाव कॅलोटीस व्हर्सिकलर. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेल्या सरड्यांची वस्ती तुमच्याच सेंट लुसी काउंटीत कित्येक दशकांपासून टिकून आहे. विणीच्या काळात नराचे डोके आणि खांदे लाल होतात. इंग्रजांनी त्याला दिलेल्या 'रक्तपिपासू' या नावामुळे उगाच भीती पसरली, पण तो रक्त पीत नाही आणि विषारीही नाही. पकडायला गेल्यास चावतो, तेवढे मुलीला समजावून सांगा.

आपल्या अंगणात तो बागेचा मित्र असला, तरी तिथे तो परका आहे. किडे आणि लहान सरडे खाताना तो स्थानिक जीवांच्या वाट्याचे खातो. म्हणून त्याला पकडून दुसरीकडे सोडू नका. परदेशी प्राणी मोकळे सोडणे फ्लोरिडात कायद्याने गुन्हा आहे. स्वच्छ छायाचित्र काढून, ठिकाण आणि तारखेसह राज्याच्या मत्स्य व वन्यजीव आयोगाकडे नोंद करा. मादी ओलसर, भुसभुशीत मातीत दहा-वीस अंडी पुरते, त्यामुळे वाफा खणताना पांढरी, लांबट अंडी सापडली तर तेही कळवा.

परसबाग: पाठीचे काटे दिसतील असे छायाचित्र आज मिळाले आणि नोंद केली. आई म्हणते की जास्वंदीच्या बुंध्याशी परवा माती उकरलेली दिसली होती. तिथे अद्याप हात लावलेला नाही, उद्या सकाळी पाहते.