फोटोवरून रंगवण्याबद्दल
बाहेर जागेवर बसून निसर्गचित्र रंगवण्याऐवजी फोटो काढून घरी निवांत रंगवलं तर काय बिघडतं, असं विचारलंय. तसं बिघडत काही नाही, पण कॅमेरा सावल्या पार काळ्या करून टाकतो आणि जागेवर बसून नीट बघितलं तर तीच सावली निळसर-जांभळी दिसते, कारण थेट ऊन नसलं तरी आकाशाचा उजेड तिथे पडतच असतो. बाहेर रंगवताना उजेड सारखा बदलत जातो हे मात्र खरंय. फ्रेंच चित्रकार मोने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजी रंगवताना बरेच कॅनव्हास सोबत ठेवायचा, उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा! आपल्याला कुठलं जमायला तेवढं, मी आपली आधी सावल्यांच्या कडा आखून टाकते, मग ऊन कुठे का जाईना त्या हलवत नाही. आणि हो, कॅनव्हासवर थेट ऊन येऊ देऊ नका, रंग गडद लावले जातात आणि आत आणल्यावर चित्र एकदम काळवंडलेलं दिसतं.