मुलांना रस्त्यावर सायकल चालवायला कसं शिकवलंत?

तोल सांभाळता आला म्हणजे रस्त्यावर चालवता आली असं नाही. हा मधला टप्पा तुम्ही मुलांकडून कसा पार करून घेतलात? 'हेल्मेट घाला' सगळ्यांनाच माहीत आहे, प्रत्यक्ष काय केलंत ते लिहा.

*

मी शाळेच्या मैदानात शिकवतो. सगळ्यात जास्त वेळ जातो मागे वळून बघण्यात. मान वळली की खांदा वळतो, त्यामागोमाग हँडल, आणि स्वारी भलतीकडेच. म्हणून फक्कीने सरळ रेषा आखतो. पोरं तिच्यावरून जातात, मी मागून बोटं दाखवतो, किती ते त्यांनी ओरडून सांगायचं. हे जमेपर्यंत हात दाखवणं शिकवत नाही. नाहीतर हात केला की झालं, असं समजून मागे न बघताच वळतात.

*

आमची लेक अगदी कडेला चिकटून चालवायची. तिथेच तर खडी, चेंबरची झाकणं आणि उभ्या गाड्यांची फटकन उघडणारी दारं! उभ्या गाडीपासून निदान 1 मीटर लांब आणि सरळ रेषेत जायचं, गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करायचं नाही, असं ठरवलं. "मागचे हॉर्न वाजवतील ना!" "वाजवू देत."

*

ओळखीच्या ट्रकवाल्याला विनंती करून, इंजिन बंद ठेवून, एकेका मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. बाकीच्यांना सायकली घेऊन ट्रकला खेटून उभं केलं. "अरे, कुठे गेले सगळे?" हा पहिला प्रश्न! त्यानंतर भाषणाची गरजच उरली नाही. एवढंच सांगितलं की वळताना ट्रकचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, म्हणून वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला शिरायचं नाही.

*

'पुढे पुरेल' म्हणून मापापेक्षा मोठी सायकल घेऊ नका. ब्रेकपर्यंत बोटंच पोचत नाहीत.

*

जर्मनीत चौथीच्या आसपास शाळेतच सायकलची परीक्षा असते. इंग्लंडमधल्या 'बाइकेबिलिटी' या सायकल-प्रशिक्षणात 3 पातळ्या: आधी बंदिस्त जागा, मग शांत रस्ता, शेवटी वर्दळीचा. क्रम पटतो. पण माझा भाचा एकटा असला की शहाणा, मित्र भेटले की पुढचा गेला म्हणून हाही जाणार. म्हणून टोळक्यालाच एकत्र नेतो. चौकात प्रत्येकाने थांबून स्वतः बघायचं. नुसतं "चल, चल" म्हणणाऱ्याला शेवटचा नंबर.

*

एकटं कधी सोडलंत, हे कुणी लिहिलं नाही. मी शाळेच्या वाटेवर मुलाच्या मागे राहायचो, तोंड बंद ठेवून (अवघड आहे हो!). सुरुवातीला तो प्रत्येक ठिकाणी मागे बघून "जाऊ?" विचारायचा. ते थांबलं, स्वतःच अंदाज घेऊन निघायला लागला, तेव्हा सोडलं. मोठ्या चौकात अजूनही उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडतो. मित्र हसतात म्हणे, तो उतरतोच.