ऑप आर्टचे लिथोग्राफ: पगारदार मुंबईकराने जमवावेत का?

समांतर

थेट मुद्द्यावर येतो. ज्याला चित्राची खरी ओढ आहे आणि ज्याचं घर पगारावर चालतं, अशा मुंबईकराने भौमितिक ऑप आर्टची, म्हणजे रेघा-चौकोनांनी डोळ्याला भास घडवणाऱ्या चित्रांची, सही केलेली छापचित्रं जमवावीत, असं माझं ठाम मत आहे. व्हासारेली, आल्बर्स, आगाम, क्रूझ-दिएझ हे त्यातले चित्रकार. हा विषय निघाला की 'छापलेल्या कागदाला एवढे पैसे?' असं हमखास ऐकावं लागतं, म्हणून सविस्तर लिहितो.

अमूर्त चित्रकार गायतोंड्यांचं तैलचित्र छापलं तर त्यातलं निम्मं मरतं. रोलर आणि पट्टीने चढवलेले, खरवडलेले थर छपाईत येतच नाहीत. भौमितिक चित्राचं तसं नाही. तिथे हाताची खूण मुद्दामच पुसलेली असते. उरतात ते कडा, रंग आणि अंतरं, आणि ते सगळं कागदावर शाबूत राहतं.

आल्बर्सची 1966 सालची 'व्हाइट लाइन स्क्वेअर्स' ही लिथोग्राफची, म्हणजे सपाट शिळेवरून किंवा प्लेटवरून छापलेल्या चित्रांची, मालिका घ्या. लॉस एंजेलिसच्या जेमिनी कार्यशाळेत छापलेली. चौकोनात चौकोन, आणि त्यातल्या एका रंगाच्या पट्ट्यामधून फिरणारी बारीक पांढरी रेघ. रेघेच्या आतला रंग वेगळा दिसतो, बाहेरचा वेगळा. शाई मात्र दोन्हीकडे एकच. तीन रंग छापलेत आणि आपण चार मोजतो. हे घडतं पाहणाऱ्याच्या डोळ्यात, त्यामुळे पहिल्या प्रतीत जेवढं घडतं तेवढंच शेवटच्या प्रतीतही घडतं. अशा चित्राच्या प्रतीला नक्कल म्हणताच येत नाही.

हंगेरीतल्या पेचमध्ये 1906 साली जन्मलेला व्हासारेली पॅरिसला आला, जाहिरातींची कामं करत तिथेच स्थिरावला. चित्र एकाच धनिकाच्या दिवाणखान्यात अडकू नये, त्याच्या प्रती निघाव्यात, हे त्याने आयुष्यभर मांडलं. त्याच्या सही-क्रमांकाच्या प्रती युरोपातल्या लहान लिलावांत आजही काही शे युरोंना जातात. याच पंथातली ब्रिटिश चित्रकर्ती ब्रिजेट रायली मात्र आपल्या आवाक्याबाहेर गेली आहे.

परळकर

पटलं नाही. 'सर्वांसाठी कला' म्हणायचं आणि खाली पेन्सिलीने 43/150, म्हणजे दीडशेपैकी त्रेचाळिसावी प्रत, असं लिहायचं, हे एकमेकांशी जुळत नाही. छपाईचा साचा शाबूत असताना दीडशेवर का थांबायचं? कारण भाव टिकवायचा असतो. म्हणजे टंचाई मुद्दाम केलेली.

राजा रविवर्म्याने 1894 साली याच मुंबईत लिथोग्राफचा छापखाना काढला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती देवघरात गेल्या, किराणा दुकानाच्या गल्ल्यामागे गेल्या. सहीचं आणि क्रमांकाचं काही कौतुकच नव्हतं. चित्र घरोघरी जाणं याला म्हणतात.

आणि पैसा परदेशी लिलावात का घालायचा? जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात जा. तिथला विद्यार्थी एचिंगसाठी स्वतः धातूची प्लेट कोरतो, आम्लात बुडवतो, शाई भरतो, प्रेसचं चाक फिरवतो. रायलीची तर चित्रंसुद्धा सहायक रंगवतात. छापणारा आणखी तिसराच, सही तेवढी तिची. मला ज्याच्या नखात शाई गेलीय त्याचं चित्र हवं.

समांतर

परळकर, विनाक्रमांक प्रती निघाल्या की काय होतं तेही रायलीच्याच बाबतीत घडलेलं आहे. 1965 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये 'द रिस्पॉन्सिव्ह आय' हे प्रदर्शन भरलं. ती तिथे पोचली तर दुकानांच्या काचांमागे तिच्या चित्रांवरून बेतलेले पोशाख टांगलेले. तिला कोणी विचारलं नव्हतं. तिचं चित्र विकत घेतलेल्या एका संग्राहकानेच कापड काढलं होतं. ती संतापली, पण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात तिला आधार मिळाला नाही. चित्र घरोघरी गेलं, चित्रकर्तीच्या हाती मात्र काही आलं नाही.

रविवर्म्याचा छापखानाही कर्जात गेला आणि शेवटी त्याच्याच जर्मन तंत्रज्ञाला, श्लायखरला, विकावा लागला. क्रमांक असला की कागदाचा, छापणाऱ्याचा आणि चित्रकाराचा खर्च निघतो. त्यात मला काही गैर दिसत नाही.

शाईवाला

माझी सगळी नोकरी छपाईत गेली, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

समांतर, व्हासारेली आणि रायलीच्या तुम्ही म्हणता त्या प्रती बहुतेक लिथोग्राफ नसतात, स्क्रीन प्रिंट असतात. त्याला कारण आहे. लिथोग्राफीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने काढतात, शिळा ओली करतात, पाणी शाईला अटकाव करतं आणि जिथे खडू लागलाय तिथेच शाई धरते. झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या शेवटी बव्हेरियात हे शोधलं. खडूचा पोत त्यात सुरेख येतो, पण शाईचा थर पातळ बसतो. स्क्रीनमध्ये स्टेन्सिल लावलेल्या जाळीतून स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढतात. थर जाड, रंग सलग, कड सुरीने कापल्यासारखी. ऑप आर्टला तेच लागतं. आल्बर्स दोन्हींत काम करायचा.

त्यामुळे कोणी 'व्हासारेलीचा लिथोग्राफ' म्हणून काही पुढे केलं तर खिशातून भिंग काढा. निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा ठिपक्यांची फुलं दिसली तर तो ऑफसेट, म्हणजे पोस्टर. त्यावर सही असली तरी पोस्टरच. स्क्रीन प्रिंट असेल तर कागद दिव्यासमोर तिरपा धरा, शाईच्या कडेला बारीक उंचवटा दिसतो. सहीवर विसंबू नका. 1974 साली फ्रान्सच्या कस्टम्सने चित्रकार दालीच्या सह्या असलेले हजारो कोरे कागद पकडले होते. व्हासारेलीच्या नावावरही बाजारात खोटा माल भरपूर आहे.

परळकर, छापणारा तिसराच असतो असं तुम्ही सहज लिहून गेलात. लागून असलेल्या दोन रंगांचं रजिस्टर, म्हणजे एकमेकांशी जुळणी, अर्धा मिलिमीटर हललं तरी मध्ये पांढरी फट दिसते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. निसर्गचित्रात ते खपून जातं. इथे एका फटीने सगळा भास मोडतो. असं काम प्रत्येक प्रतीत निभावणारा कारागीर चित्रकाराच्या खालचा, असं मी कधीच म्हणणार नाही.

भिंग

मी कागदावरच्या चित्रांच्या दुरुस्तीचं काम करते. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. मुंबईची हवा या चित्रांना मानवत नाही.

जुलैत कागद दमट हवा पितो आणि फुगतो. चारही बाजूंनी घट्ट बसवलेला असेल तर मध्येच लहरी येतात. समांतर रेघांच्या चित्रात चित्रकाराने मोजून घातलेली लहर असते. तिच्यावर पावसाळ्याची लहर चढली की चित्र संपलं. दुसरा त्रास तांबूस डागांचा. जुन्या निसर्गचित्रात असे दहा डाग लपतात. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या चित्रात एक जरी पडला तरी नजर आधी तिथेच जाते.

आपल्याकडचे बरेच फ्रेमवाले चित्र सरळ पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि मागे हार्डबोर्ड ठोकतात. या दोन्हींना स्पष्ट नाही म्हणा. आम्लरहित पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची चौकट, हवा. चित्र वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्टीने, गव्हाच्या खळीने टांगलेलं हवं. काच कागदाला टेकता कामा नये. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर तर अजिबात लावू नका. रात्री एसी चालू, दिवसा बंद, हा चढउतारही कागदाला वाईट.

ऑनलाइन लिलावातला फोटो पाहूनही ठरवू नका. चित्रातल्या बारीक रेघा आणि मोबाइलच्या पडद्याची जाळी एकमेकींवर पडून तिसरेच पट्टे तयार होतात. ते चित्रात नसतात. कागदाच्या लहरी त्यात दिसत नाहीत, उडालेला रंगही कळत नाही. मागच्या बाजूचा आणि कोपऱ्यांचा जवळून काढलेला फोटो मागवा, तिरप्या उजेडातला.

परळकर

शाईवालेकाका, कारागिराबद्दल बोललात ते योग्यच. मग त्याचंही नाव खाली घाला, एवढंच म्हणेन.

समांतर, तुमचा कागद विमानतळावर उतरला की पुढचा प्रश्न. जकात ठरवणाऱ्या कस्टम्सच्या यादीत मूळ छापचित्रांसाठी 9702 हे वेगळं शीर्षक आहे. त्याची अट अशी की प्लेट संपूर्णपणे चित्रकाराने स्वतःच्या हाताने केलेली असावी, यांत्रिक किंवा फोटोची प्रक्रिया नसावी. कार्यशाळेत दुसऱ्याने कापलेल्या स्टेन्सिलचा व्हासारेली या अटीत कसा बसवणार?

भूमितीच हवी असेल तर झरीना हाश्मी पाहा. अलीगढला गणित शिकलेली, पॅरिसमध्ये छापचित्रकार हेटरच्या कार्यशाळेत आणि जपानमध्ये छापचित्रण शिकलेली. 1999 सालचा तिचा 'होम इज अ फॉरेन प्लेस' हा 36 वुडकटचा, म्हणजे कोरलेल्या लाकडावरून छापलेल्या चित्रांचा, संच आहे. मोजक्या काळ्या रेघा, आणि त्यांत उंबरठा, अंगण, दार. व्हासारेलीच्या चौकोनात कोणाचंच घर नाही.

समांतर

ती अट जकात ठरवायला लिहिलेली आहे, ती चित्राची व्याख्या नव्हे. तिच्या भरवशावर बसू नये हे मात्र खरं. कागद निघण्याआधीच कस्टम्स एजंटाशी बोलून घ्यावं.

झरीनाच्या त्या संचाच्याही 25च प्रती निघाल्या आहेत, परळकर. व्हासारेलीच्या दीडशेपेक्षा कितीतरी कमी. आणि चौकोनात घर नसणं हेच मला हवंय. ऑफिसातून लोकलमध्ये उभा राहून घरी आल्यावर ज्यात गोष्ट नाही, आठवण नाही, देव नाही असं काहीतरी भिंतीवर असावं. नुसतं पाहावं आणि डोळा कसा फसतो ते समजून घ्यावं.

भिंग, आमच्या घरात कोरडी भिंत एकच आहे, स्वयंपाकघराला लागून असलेली. पलीकडे गॅसचा ओटा आहे. तिथे चालेल का?

भिंग

नको. फोडणीची वाफ आणि उष्णता दोन्ही लागतील. आतल्या खोल्यांमधल्या मार्गिकेची भिंत बघा, जिथे ऊन पोचत नाही. ती नसेल तर चित्र सपाट फोल्डरमध्ये ठेवा आणि दिवाळी ते होळी एवढंच भिंतीवर लावा.

परळकर

25 प्रतींवरही माझा आक्षेप आहेच. तरी घ्यायची वेळ आली तर मी झरीनाच घेईन, आणि तेवढे पैसे नसतील तर जे. जे.च्या प्रदर्शनातलं एचिंग.